‘वेल-मीनिंग’ : स्तुती की तक्रार?



गेल्या अंकाच्या शेवटच्या पानावर परदेशातील एका मंडळीचे पत्र मूळ इंग्रजीत छापले होते. त्या मंडळीने लिहिले होते की, इतकी वर्षे आम्ही ‘वेल-मीनिंग’ देणगीदार होतो, यापुढे आम्हाला तुमचे ऐकून देणारे व्हायचे आहे. अंक पोहोचल्यावर चार वाचकांनी या एका शब्दाबद्दल विचारणा केली. त्यांतील एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी शब्दकोश उघडून पाहिला आणि लिहिले, “कोशात ‘सद्हेतू असलेला’ असा अर्थ आहे. मग हे लोक आता सद्हेतू सोडणार आहेत काय?”

प्रश्न मार्मिक आहे. कोश बरोबर आहे आणि गुरुजींची शंकाही बरोबर आहे. कोशात शब्दाचा अर्थ मिळतो, पण लोक तो कोणत्या सुरात उच्चारतात हे मिळत नाही. आपल्या कामात हा सूर समजून घेणे फार गरजेचे आहे, म्हणून या वेळी नेहमीच्या वृत्तांताऐवजी या शब्दावरच लिहीत आहे. त्यामागे वसतिगृहाचा एक चालू प्रश्नही आहे. त्याकडे पुढे येते.

आधी शब्द फोडून पाहू. ‘मीनिंग’ म्हणजे अर्थ, असे आपण शाळेत पाठ केले. त्यामुळे ‘वेल-मीनिंग’ म्हणजे ‘चांगल्या अर्थाचा’ असे वाटते. इथे तसे नाही. इंग्रजीत ‘मीन’ या क्रियापदाचा दुसरा अर्थ ‘मनात असणे’, ‘हेतू धरणे’ असा आहे. तेव्हा ‘वेल-मीनिंग’ म्हणजे ज्याच्या मनात चांगले आहे असा माणूस. त्याचे भावंड ‘वेल-मेंट’. ते बहुधा माणसाला न लावता त्याच्या सल्ल्याला किंवा कृतीला लावतात. ‘वेल-इन्टेन्शन्ड’ हे तिसरे, अर्थ तोच. तिन्ही शब्द दिसायला स्तुतीचे आहेत.

पण ते वापरले कुठे जातात ते पाहा. ताप उतरवणाऱ्या डॉक्टरला कोणी ‘वेल-मीनिंग’ म्हणत नाही. त्याला चांगला डॉक्टर म्हणतात. ज्या शेजारणीने तापलेल्या मुलाला चार घोंगड्यांत गुंडाळले, ती मात्र ‘वेल-मीनिंग’ शेजारीण. काम नीट झाले की आपण कामाबद्दल बोलतो. काम बिघडले आणि करणाऱ्याला दुखवायचे नसले, की त्याच्या मनाबद्दल बोलतो. म्हणून या शब्दामागे इंग्रजीत बहुतेक वेळा ‘पण’ येतो. तो बोलला गेला नाही तरी ऐकणाऱ्याला ऐकू येतो.

मराठीत असा एकच शब्द नाही, पण सूर आपल्या चांगला ओळखीचा आहे. “माणूस मनाने वाईट नाही हो.” हे वाक्य कुठे थांबत नाही, पुढे काय येणार ते आपल्याला कळते. “हेतू चांगला होता त्यांचा” असे कोणी हळू आवाजात म्हणाले, की काहीतरी मोडले आहे हे समजावे. करायला गेलो एक नि झाले भलतेच, ही म्हणही याच घरातली. आणि ज्याच्यासाठी केले त्याच्या बाजूने बोलणारी म्हणही आहे : भीक नको पण कुत्रा आवर.

लूकच्या शुभवर्तमानातला शोमरोनी ‘वेल-मीनिंग’ होता, असे म्हणून पाहा. जिभेवर बसत नाही. त्याने जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर त्या माणसाला बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर काळजी घेतली, सकाळी दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे मालकाच्या हाती ठेवले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगितले. त्याच्या मनात काय होते याविषयी गोष्टीत एवढेच आहे, की त्याला कळवळा आला. बाकी सगळे हात, पाय आणि पैसे यांबद्दल आहे. जखमेला काय लागते हे त्याला ठाऊक होते आणि परतीच्या वाटेवर चौकशीला येण्याची त्याची तयारी होती.

इंग्रजीने लॅटिनमधून घेतलेली एक जोडी हाच फरक जास्त स्पष्ट करते. ‘बेनेव्होलंट’ आणि ‘बेनेफिसंट’. दोन्हींतला ‘बेने’ म्हणजे चांगले. पहिल्यात इच्छा करण्याचे क्रियापद आहे, दुसऱ्यात करण्याचे. पहिला भले इच्छिणारा, दुसरा भले करणारा. गंमत अशी, की आज पहिला शब्द सर्रास चालतो आणि दुसरा पुस्तकांतच उरला आहे. इच्छिणे सोपे म्हणून शब्दही सोपा झाला असावा, असे मला उगाच वाटते.

आपल्या अंकाच्या पहिल्या पानावर ‘सभासद व हितचिंतक यांस’ असे छापलेले असते. ‘हितचिंतक’ हा शब्द मला या सगळ्या इंग्रजी शब्दांपेक्षा चांगला वाटतो. त्यात दोन गोष्टी आहेत. हित आहे, आणि ते दुसऱ्याचे आहे. चिंतन आहे, म्हणजे नुसती इच्छा नाही, विचार करणे आहे. ‘वेल-मीनिंग’ या शब्दात देणारा आहे, त्याचे मन आहे. घेणारा त्यात कुठेच नाही. माझे म्हणणे खरे तर एवढेच आहे. ज्याच्यासाठी काम करायचे तोच शब्दातून गळाला, की हळूहळू कामातूनही गळतो.

इतिहासात याचे दाखले भरपूर आहेत. 21 डिसेंबर 1898 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष विल्यम मॅकिन्ले यांनी फिलिपाइन्स बेटांविषयी एक जाहीरनामा काढला. तो ‘बेनेव्होलंट असिमिलेशन’ या नावानेच ओळखला जातो, म्हणजे ‘भल्या इच्छेने सामावून घेणे’. पुढच्या फेब्रुवारीत त्याच बेटांवर युद्ध पेटले. सामावून घ्यायचे त्यांना विचारलेले नव्हते. पण मॅकिन्ले राजकारणी होते, त्यांचे एक वेळ सोडून देऊ. स्पॅनिश धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास यांचे उदाहरण जास्त बोचते. अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांवर होणारे अत्याचार पाहून हा माणूस आयुष्यभर त्यांच्या बाजूने राजदरबारात भांडला. त्यांची सक्तीची मजुरी थांबावी म्हणून 1516 मध्ये त्यांनी सुचवले, की त्यांच्याऐवजी आफ्रिकेतून गुलाम आणावेत. पुढे त्यांना स्वतःला याचा तीव्र पश्चात्ताप झाला आणि तो त्यांनी लिहून ठेवला. मन साफ होते, पण आफ्रिकेतला माणूस त्यांच्या नजरेच्या टप्प्यात नव्हता.

आपल्या महाराष्ट्रात सोलापूरला ‘सेटलमेंट’ हे नाव आजही ऐकू येते. 1871 च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पुढे त्यांना ‘सुधारण्यासाठी’ तारेच्या कुंपणात वसाहती केल्या, हजेरी लावली. भारतात अशा काही वसाहती चालवायला मिशनसंस्थाही पुढे झाल्या, त्यांत साल्व्हेशन आर्मीचे नाव ठळक आहे. तिथे शाळा होत्या, दवाखाने होते, कामधंदा शिकवला जात होता. कुंपणही होते. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस या जमाती विमुक्त दिन म्हणून पाळतात. शाळा आणि दवाखाना मिळाल्याचा नव्हे, कुंपण निघाल्याचा दिवस त्यांनी लक्षात ठेवला.

आता कॅनडाकडे येते. तिथे थोडे थांबायला हवे, कारण तो विषय वसतिगृहांचा आहे आणि आपणही वसतिगृह चालवतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कॅनडा सरकारने तेथील आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा उभ्या केल्या. पैसा सरकारचा, चालवणाऱ्या मंडळ्या : रोमन कॅथोलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि नंतर युनायटेड चर्च. दीड लाखांहून अधिक मुले या शाळांतून गेली. शेवटच्या शाळा 1990 च्या दशकात बंद झाल्या. मुलांना आईबापांपासून दूर ठेवत. आल्याबरोबर केस कापत, घरचे कपडे काढून घेत, अनेक ठिकाणी नावाऐवजी नंबराने हाक मारत. घरची भाषा बोलले की शिक्षा होई. पुष्कळ मुले क्षयाने व इतर आजारांनी तिथेच गेली. सत्यशोधन व समेटासाठी नेमलेल्या आयोगाने 2015 मध्ये आपला अहवाल दिला, त्यात तीन हजारांहून अधिक मुलांच्या मृत्यूची नोंद आहे. मारहाण व लैंगिक अत्याचाराच्या हकिगती हजारोंनी सांगितल्या गेल्या. त्या आयोगाने या साऱ्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले.

या शाळांत काम करणाऱ्यांत क्रूर माणसे होती, यात शंका नाही. पण सगळीच तशी नव्हती, आणि आपल्याला अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. रविवारी दानपेटीत पैसे टाकणाऱ्या बाया, मुलांसाठी लोकरीचे मोजे विणून पाठवणाऱ्या आज्या, घरदार सोडून थंडीत शिकवायला गेलेले तरुण शिक्षक हे ‘वेल-मीनिंग’ या शब्दात अगदी चपखल बसतात. मुलांचे भले व्हावे हे त्यांना मनापासून वाटत होते. भले म्हणजे काय हे मात्र त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. त्यात त्या मुलांच्या आयांना बोलायला जागाच नव्हती. 1920 पासून तर मुलांना शाळेत पाठवणे कायद्यानेच सक्तीचे झाले.

युनायटेड चर्चने 1986 मध्ये तेथील आदिवासींची क्षमा मागितली. आदिवासी वडीलधाऱ्यांनी ती क्षमायाचना ऐकून घेतली, पण स्वीकारली असे म्हटले नाही. दोन वर्षांनी त्यांचे उत्तर आले, त्यातही बोललात तसे वागाल अशी आशा एवढीच होती. त्या जागी दगडांची एक रास रचायला सुरुवात केली होती, ती मुद्दाम अपुरी ठेवली आहे. निवासी शाळांसाठी म्हणून वेगळी क्षमायाचना त्या मंडळीने 1998 मध्ये केली, अँग्लिकन मंडळीने 1993 मध्ये, सरकारने 2008 मध्ये. पोप फ्रान्सिस 2022 साली स्वतः कॅनडात गेले. परदेशातील मंडळ्या आज ‘वेल-मीनिंग’ हा शब्द स्वतःविषयी जपून वापरू लागल्या आहेत, त्यामागे अशी ओझी आहेत. आपल्या गुरुजींना माझे उत्तर असे, की त्या मंडळीने सद्हेतू सोडलेला नाही. नुसत्या सद्हेतूवर भागवायचे नाही, एवढेच तिला म्हणायचे आहे.

आता आपल्या वसतिगृहाची गोष्ट. धडगाव भागातली आपली बहुतेक मुले पावरा व भिल्ल समाजातली आहेत. पाडे डोंगरभर विखुरलेले, एका घरातून दुसऱ्या घराला हाक मारायची तर मोठ्याने मारावी लागते. दिवाळी झाली की अनेकांचे आईबाप गुजरातेत ऊसतोडीला आणि शेतमजुरीला जातात. मुले मागे ठेवायची कोणाकडे, म्हणून वसतिगृह. मुलांची घरची भाषा पावरी किंवा भिली. शाळेत मराठी. नवीन मूल आले की पहिले काही महिने ते गप्प असते. मंद आहे म्हणून नव्हे, बोलायला शब्द नसतात म्हणून. रात्री जेवणानंतर मोठी मुले लहानांना पावरीत गोष्टी सांगतात तेव्हा तेच मूल हसते, प्रश्न विचारते, भांडतेसुद्धा.

गेल्या काही महिन्यांत आपल्या एका जुन्या हितचिंतकांनी समितीला पत्र लिहिले. वसतिगृहाचा पूर्ण वर्षाचा खर्च ते द्यायला तयार आहेत. अट एकच : वसतिगृहाच्या आवारात मुलांनी फक्त इंग्रजी बोलावे, निदान मराठी. पावरी-भिली बंद. त्यांचे म्हणणे असे, की या मुलांना जगात टिकायचे तर इंग्रजी हवी आणि सवय लहानपणी लागली पाहिजे. वर्षाचा खर्च ही लहान रक्कम नाही. डाळ-तांदूळ, दोन स्वयंपाकिणी, अधीक्षकांचा पगार, दवाखाना, सगळे त्यात आले. समितीने अजून उत्तर दिलेले नाही. माझे मत समितीला माहीत आहे, ते इथेही लिहिते.

इंग्रजी हवी, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. दहावीनंतर नंदुरबारला किंवा नाशिकला गेलेली आपली मुले इंग्रजीपाशीच अडखळतात. त्यासाठी शिकवणी ठेवा, पुस्तके द्या, चांगला शिक्षक द्या. मी स्वतः ती मागणी वर्षानुवर्षे करत आले आहे. पण एक भाषा यावी म्हणून दुसरी बंद करावी लागते हे खरे नाही. ज्या भाषेत मूल विचार करते त्या भाषेचा आधार घेऊनच ते नवी भाषा शिकते, हे कोणतीही बालवाडीची बाई सांगेल. आपल्या राज्यघटनेतही 1956 पासून कलम 350 अ आहे, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. शिवाय ऊसतोडीहून परतलेल्या आईशी मुलाला बोलता आले नाही, तर आपण वसतिगृहात नेमके काय वाढवले?

ही अट घालणाऱ्यांचे मन चांगले आहे याबद्दल मला तिळमात्र संशय नाही. त्यांनी आपल्या मुलींच्या लग्नातला खर्च कमी करून इथे विहीर बांधून दिली आहे, आणि त्या विहिरीचे पाणी मी रोज पिते. म्हणूनच हे लिहिणे जड जाते. वाईट मनाच्या माणसाला ‘नाही’ म्हणणे सोपे असते.

दुसरी गोष्ट लहान आहे, पण तीत जिवाचा प्रश्न आहे. पावसाळ्यात कुपोषणाच्या बातम्या छापून आल्या की काही मंडळ्यांकडून बाळदुधाच्या पावडरीचे डबे येतात. कोणी बाटल्याही पाठवतात. मूल भुकेले आहे तर दूध द्यावे, यापेक्षा सरळ विचार कोणता? आता तो डबा पाड्यावर कसा वापरला जातो ते पाहा. पाणी झिऱ्याचे, पावसात गढूळ. ते उकळायला लाकडे ओली. बाटली उकळून घ्यायची सोय नाही, तिच्या बुचात जंतू बसतात. डबा पुरवून वापरायचा म्हणून दोन चमच्यांऐवजी एकच टाकतात. मुलाला जुलाब लागतात, अंगातले पाणी जाते. तोपर्यंत आईचे दूध कमी झालेले असते, कारण मूल जितके ओढते तितके दूध येते. बाटलीवर गेलेले मूल ओढत नाही. डबा संपतो आणि दुसरा आणायला पैसे नसतात.

हे जगभर घडले, म्हणून 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने बाळदुधाच्या विक्रीविषयी नियमावली केली. आपल्या देशात 1992 चा कायदा आहे. त्यानुसार बाळदुधाची पावडर, बाटल्या व बाळअन्न अनाथाश्रम सोडून कोणाला दान देता किंवा वाटता येत नाही. म्हणजे हे डबे आम्ही वाटले तर तो गुन्हा ठरेल. कृपया पाठवू नका. बाळाला खाऊ घालायचे असेल तर आईला खाऊ घाला. 2015 पासून राज्य सरकारची अमृत आहार योजना आहे, तीत आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. अंगणवाडी दूर असली किंवा वाट पुराने तुटली की ते चुकते. तिथे पाड्यावरच्या बायांकडून भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडी शिजवून घेण्याचा खर्च आपण उचलू शकतो. डब्यासारखा त्याचा फोटो चांगला येत नाही, हे मात्र खरे.

फोटोवरून आठवले. हातपंप देणारे पुष्कळ भेटतात, पाटीवर नाव येते. त्याचा वॉशर देणारा विरळा.

मग काहीच देऊ नये काय, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. आणि इथे मला या शब्दाच्या दुसऱ्या टोकाविषयी बोलायचे आहे. ‘वेल-मीनिंग’ हा शब्द टोमण्यासारखा वापरणारेही आहेत. ते स्वतः कधी डोंगर चढलेले नसतात. वर्तमानपत्र वाचून ते म्हणतात, “हे मिशनवाले, समाजसेवक, सगळे वेल-मीनिंग लोक.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य असते, पण घाम नसतो. चुकेल या भीतीने न केलेली मदत ही काही शहाणपणाची निशाणी नव्हे. याजक आणि लेवी दुसऱ्या बाजूने निघून गेले, त्यांच्याकडून जखम चुकीची बांधली जाण्याचा धोका नव्हताच.

पंडिता रमाबाईंचे काम आठवा. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढे पुण्याला नेले, नंतर केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. 1897 च्या सुमारास मध्य भारतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे जाऊन विधवा व अनाथ मुलींना घेऊन आल्या. रमाबाईंना कोणी नुसते ‘वेल-मीनिंग’ म्हणत नाही. तरुणपणी त्यांनी दुष्काळात आईवडील व बहीण गमावली होती. त्या स्वतः विधवा होत्या. भूक आणि वैधव्य यांना काय लागते, हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही. आपल्यापैकी बहुतेकांना विचारावे लागते, कारण आपण त्या वाटेने गेलेलो नाही. विचारण्यात कमीपणा नाही.

प्रभूनेही विचारले. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडत होता. तो आंधळा आहे हे गर्दीतल्या लहान मुलालाही दिसत होते. तरी येशूने त्याला जवळ बोलावून आधी विचारले, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. मला हा प्रश्न पूर्वी अनावश्यक वाटायचा. गेली काही वर्षे पाड्यांवर बसून मला तो त्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग वाटू लागला आहे. गर्दीने त्या माणसाला गप्प राहायला सांगितले होते. येशूने त्याला बोलायला लावले.

ईयोबाच्या मित्रांचेही असेच आहे. एलीफज, बिल्दद आणि सोफर दूरवरून आले, त्याची अवस्था पाहून रडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. तिथपर्यंत त्यांच्याइतके चांगले मित्र शास्त्रात शोधून सापडणार नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी सल्ला द्यायला सुरुवात केली.

तेव्हा कामाचे दोन शब्द. जूनमध्ये शाळा उघडताना आपण वस्तू गोळा करतो. या वर्षी कपड्यांची पोती पाठवू नयेत. मागच्या वेळी तीन माणसांचे चार दिवस निवडण्यात गेले. त्यात लग्नातले शेले आणि उंच टाचांच्या सँडल होत्या. सँडल घालून आमची चढण चढणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मुलींच्या मापाचे नवे गणवेश, जाड सतरंज्या, प्रत्येक मुलाला एक विजेरी आणि मोठ्या वर्गांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश, ही यादी मुलांनी व अधीक्षकांनी बसून केली आहे. यादीबाहेरचे काही द्यावेसे वाटले तर खरेदीआधी कार्यालयात विचारा. उत्तर ‘नको’ असे आले तर राग मानू नये, ही विनंती.

आणि वसतिगृहाच्या भाषेचा निर्णय समितीने एकटीने घ्यायचा नाही, असे ठरले आहे. होळीला आमच्याकडची माणसे कुठेही असली तरी गावी परततात. होळीनंतरच्या शनिवारी वसतिगृहाच्या अंगणात पालकांची बैठक आहे. देणगीदारांचे पत्र तिथे पावरीत व भिलीत सांगितले जाईल, रकमेसकट. पालक काय म्हणतील ते मी आत्ता सांगू शकत नाही. काही बाप इंग्रजीच्या बाजूनेही बोलतील, असा माझा अंदाज आहे. ज्या वाचकांना यायचे आहे त्यांचे स्वागत आहे, पत्र लिहिणाऱ्या हितचिंतकांनाही आमंत्रण गेले आहे. बैठक पावरीतून चालेल, शेजारी बसून मराठीत सांगायला आपली दहावीची मुले असतील. शेवटचे दोन किलोमीटर पायी आहेत. पाणी बरोबर आणा आणि पायात साधे बूट घाला.